शोध कसा घ्यावा, याचाही शोध

ग्रंथपालांसाठी, त्यातही वैद्यकीय ग्रंथालयांत काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी, स्वतंत्र संशोधनपत्रिका निघते असे सांगितले की ऐकणाऱ्याला थोडे नवल वाटते. ग्रंथपालाने पुस्तके सांभाळावीत, मागेल त्याला काढून द्यावीत, परत आली की जागेवर लावावीत. यात संशोधन करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न सहज मनात येतो. आपल्या शाळांमध्ये तर ग्रंथालय म्हणजे एक-दोन कपाटे आणि त्यांच्या किल्ल्या सांभाळणारे एक शिक्षक, एवढाच अर्थ बऱ्याच ठिकाणी उरला आहे. म्हणून अशा एका पत्रिकेचे परीक्षण शिक्षकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले.

ही पत्रिका म्हणजे अमेरिकेतून निघणारे 'जर्नल ऑफ द मेडिकल लायब्ररी असोसिएशन' हे त्रैमासिक. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना रोज माहिती शोधावी लागते. ती कशी शोधावी याचा विचार करणारे साहित्य जगात कोठे तयार होते, त्यातले आपल्या किती उपयोगाचे आहे आणि कोठे ते कमी पडते, हे तपासणे आपल्या हिताचे आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या पत्रिकेने 'शोधणे' ही कारकुनी बाब नसून तपासून पाहता येणारी पद्धत आहे, हे दाखवून दिले. हे तिचे मोठे काम. मात्र स्वतःच्या व्यवसायाची किंमत ठरवताना तिने तपासणीचा काटा थोडा सैल सोडला. ही तिची उणीव.

न सापडलेले लेख

शोधण्यात चूक झाली तर काय होते, हे एका उदाहरणावरून पाहू. २००१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधी एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका आकुंचन पावण्यापासून कशा वाचतात, हे त्यात पाहायचे होते. त्यासाठी स्वयंसेवकांना हेक्झामिथोनियम नावाचे द्रव्य श्वासावाटे देण्यात आले. त्यांतील एक २४ वर्षांची निरोगी तरुणी, जी त्याच संस्थेत तंत्रज्ञ म्हणून काम करीत होती, आजारी पडली आणि २ जून रोजी मरण पावली.

पुढे चौकशी झाली. प्रयोगापूर्वी या द्रव्याविषयी काय लिहिले गेले आहे याचा शोध घेतला होता का, हा त्यातील एक मुख्य प्रश्न होता. शोध घेतला होता. परंतु तो पबमेड ही संगणकीय सूची आणि काही प्रमाणभूत पुस्तके यांच्यापुरता होता. त्या वेळी पबमेडमध्ये साधारणपणे १९६६ पासून पुढच्या लेखांचीच नोंद होती. हेक्झामिथोनियम हे मात्र १९५०च्या दशकातले रक्तदाबावरचे औषध. त्याने फुप्फुसांना इजा झाल्याचे लेख त्याच दशकात प्रसिद्ध झाले होते. हे लेख हरवले नव्हते. ग्रंथालयांत होते, छापील सूच्यांमध्ये त्यांची नोंद होती, आणि घटना उघडकीस आल्यावर वैद्यकीय ग्रंथपालांनी ते थोड्याच वेळात शोधून काढले.

त्या जुन्या रुग्णांना औषध वेगळ्या मार्गाने दिले होते. तेव्हा ते लेख आधी हाती आले असते तर प्रयोग थांबलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण निर्णय घेणाऱ्यांना धोक्याची कल्पना आधी मिळाली असती, एवढे निश्चित. या घटनेतून दोन गोष्टी निघतात. 'काही सापडले नाही' आणि 'काही अस्तित्वातच नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. आणि आपण कोठे शोधले, कोणत्या काळापर्यंत शोधले, हे ठाऊक असल्याखेरीज पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. पुढे पबमेडमध्ये १९४०च्या दशकापर्यंतच्या जुन्या सूच्यांची भर घालण्यात आली. पण सूची कितीही मोठी झाली तरी तिला कोठेतरी कड असतेच. ती कड कोठे आहे हे सांगणारा माणूस लागतो.

पत्रिका चालते कशी

२ मे १८९८ रोजी फिलाडेल्फिया येथे चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एकत्र जमले आणि त्यांनी वैद्यकीय ग्रंथपालांची एक संघटना स्थापन केली. प्रसिद्ध वैद्य विल्यम ऑस्लर हे पुढे तिचे अध्यक्ष झाले. संघटनेचे पहिले नियतकालिक त्याच वर्षी निघाले. सुरुवातीच्या काळात त्याची नावे अनेकदा बदलली, मध्ये खंडही पडला. १९११ पासून ते 'बुलेटिन' या नावाने स्थिर झाले आणि २००२ साली त्याला आजचे नाव मिळाले. सुरुवातीला पत्रिकेचा हेतू व्यावहारिक होता. एका ग्रंथालयाकडे एखाद्या नियतकालिकाचे दोन अंक असत, दुसऱ्याकडे एकही नसे. त्यांची देवाणघेवाण कशी करावी, सूची कशी करावी, जुने खंड कसे टिकवावेत, असे विषय असत. माहितीपत्रकापासून संशोधनपत्रिकेपर्यंतचा हा प्रवास शतकभराचा आहे.

या दोहोंत फरक काय? माहितीपत्रकात 'आम्ही हे केले' एवढे सांगितले तरी चालते. संशोधनपत्रिकेत 'आम्ही हे केले, अशा रीतीने केले, त्याचा परिणाम असा मोजला, आणि तुम्हीही तो मोजून पाहू शकता' असे सांगावे लागते. संपादकाकडे लेख आला की प्रथम तो विषयाला धरून आहे का हे पाहिले जाते. मग त्या विषयातील परीक्षकांकडे तो जातो. परीक्षक हे काम बहुधा विनामूल्य करतात. ते शंका काढतात, लेखक उत्तरे देतात, काही लेख नाकारले जातात. स्वीकारलेल्या लेखाची भाषा, आकडे, तक्ते आणि संदर्भ तपासले जातात. त्यानंतर खंड, अंक आणि पृष्ठ क्रमांक देऊन तो प्रसिद्ध होतो, सूच्यांमध्ये नोंदला जातो आणि कायमस्वरूपी जतन होतो. शेवटच्या दोन पायऱ्या वाचकाला दिसत नाहीत, पण त्या चुकल्या तर आधीचे सगळे श्रम वाया जातात. जो लेख पन्नास वर्षांनी सापडणार नाही, तो छापला काय आणि न छापला काय, सारखेच.

ग्रंथपालांची पत्रिका असल्यामुळे या शेवटच्या पायऱ्या इथे चांगल्या सांभाळल्या आहेत. १९११ पासूनचे अंक पबमेड सेंट्रल या संग्रहात कोणालाही मोफत वाचता येतात. नवे अंकही खुले आहेत. ते पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने चालवलेल्या यंत्रणेवरून प्रसिद्ध होतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या वर्गण्या किती वाढल्या, त्यामुळे कोणती ग्रंथालये कोणते अंक बंद करतात, हे ग्रंथपालांइतके कोणाला ठाऊक असणार? दुसऱ्यांच्या पत्रिका महाग म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आपली पत्रिका खुली ठेवली, हे त्यांच्या बोलण्याला शोभणारे आहे. आर्वी किंवा समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून एखाद्या शिक्षकाला ती वाचता येते.

वर्ध्याचा पत्ता

आता पत्रिकेच्या मुख्य विषयाकडे वळू. शोध घेण्यात शास्त्र कोणते? आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वर्धा जिल्ह्यातील आरोग्याविषयी जे जे लिहिले गेले ते गोळा करायचे आहे, असे समजा. विद्यार्थी संगणकावर 'वर्धा' आणि 'महाराष्ट्र' हे शब्द देईल. पण महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्याआधी १९५६ ते १९६० या काळात वर्धा मुंबई राज्यात होता, त्याआधी मध्य प्रदेशात, आणि त्याहीआधी मध्य प्रांतात. म्हणजे जुन्या साथींचे अहवाल 'महाराष्ट्र' या शब्दाने सापडणारच नाहीत. इंग्रजीत वर्ध्याचे स्पेलिंगही जुन्या-नव्या कागदपत्रांत एकसारखे नाही.

सेवाग्रामचे तर आणखी गमतीचे. या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगावशी या नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. टपालखात्याची जी अडचण, तीच शोध घेणाऱ्याचीही. 'सेवाग्राम' शब्द दिला तर १९४० पूर्वीचे निसटते. 'शेगाव' दिला तर बुलढाण्याचे सगळे गळ्यात पडते.

विषयाच्या शब्दांचेही तसेच. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच समाजांत आढळतो. त्यावरचे लेख शोधताना 'ॲनिमिया' हा शब्द लागतो, आणि इंग्रजीत तो ब्रिटिश पद्धतीने एक अक्षर जास्त घालून लिहितात, अमेरिकन पद्धतीने एक अक्षर कमी. दोन्ही रूपे न देता शोधले तर काही सूच्यांमध्ये बरेच लेख हातचे जातात. अशा अडचणींसाठीच अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली प्रमाणित विषयशीर्षकांची यादी तयार केली. लेखकाने शब्द कोणताही वापरो, सूचीकार त्या लेखाला ठरलेले शीर्षक देतो.

शोध चांगला झाला की वाईट, हे मोजताही येते. समजा, एखाद्या विषयावर कामाचे एकूण ४० लेख आहेत. आपण शोध घेतला, तेव्हा १०० लेख समोर आले आणि त्यांत कामाचे ३० निघाले. हवे असलेल्या ४०पैकी ३० सापडले, म्हणजे शोधाची व्याप्ती ७५ टक्के. समोर आलेल्या १००पैकी ३० उपयोगी, म्हणजे त्याची नेमकेपणा ३० टक्के. जाळे मोठे टाकले की व्याप्ती वाढते, पण कचराही जास्त येतो. जाळे बारीक केले की कचरा कमी होतो, पण मासे निसटतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिक्षकाला एक चांगला लेख पुरतो; तेथे नेमकेपणा महत्त्वाचा. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी मात्र एकही लेख निसटून चालत नाही. तेथे व्याप्ती महत्त्वाची. बाल्टिमोरला निसटले ते हेच.

आणखी एक प्रकार असा, की ज्यात 'नाही' हेच उत्तर मोलाचे असते. डॉ. राणी बंग आणि वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार असल्याचे १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. तोवरची माहिती मुख्यतः दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांवरून गोळा झालेली होती. गावातील सर्व स्त्रियांचा असा अभ्यास नवा आहे, हे म्हणण्यासाठी आधीचे साहित्य नीट चाळलेले असावे लागते. नवेपणाचा प्रत्येक दावा हा आतून शोधाचाच दावा असतो.

पत्रिकेची जमेची बाजू

या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास ही पत्रिका करते. २००० साली जोनाथन एल्ड्रेज यांनी तिच्यात पुराव्यावर आधारलेल्या ग्रंथपालनाची कल्पना सविस्तर मांडली. डॉक्टरांनी उपचार पुराव्यावरून ठरवावेत असे ग्रंथपाल सांगतात. मग ग्रंथपालांनी स्वतःचे निर्णय केवळ रूढीवरून का घ्यावेत, असा त्यामागचा साधा सवाल होता. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातील ब्रॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली याच पत्रिकेत एक पद्धत दिली. अनेक सूच्यांत शोधले की तोच लेख दोन-तीनदा येतो. अशा दुबार नोंदी पटकन आणि चूक न करता कशा काढाव्यात, याची ती पद्धत. २०१८ साली त्यांनी संपूर्ण शोधाची रचना पायरीपायरीने कशी करावी हे मांडले. विषय वरवर क्षुल्लक वाटतो. पण हजारो नोंदींतून मोजके लेख निवडताना एक खरा लेख 'दुबार' म्हणून चुकून गळला, तर उपचाराविषयीचा निष्कर्षही बदलू शकतो.

२०२१ साली शोधाचे वर्णन कसे करावे यासंबंधी १६ मुद्द्यांची एक तपासयादी प्रसिद्ध झाली, तीही या पत्रिकेने छापली. कोणत्या सूच्यांत शोधले, कोणत्या तारखेला, नेमके कोणते शब्द वापरून, काय गाळून, हे सगळे लेखकाने लिहावे असे ती सांगते. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत आपण साहित्य, कृती आणि निरीक्षण लिहायला लावतो ना, तेच हे. शोधाला प्रयोगवहीची शिस्त लावणे हे या पत्रिकेचे खरे कर्तृत्व आहे असे आम्ही मानतो.

वजनकाट्याचा प्रश्न

आता उणीव. ग्रंथपालांमुळे रुग्णांचा फायदा होतो का? हा प्रश्न पत्रिकेने अनेकदा विचारला आहे. त्यावरचा सर्वांत गाजलेला लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर परिसरातील रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांना सांगण्यात आले, की एखाद्या रुग्णाच्या संदर्भात ग्रंथालयाकडून माहिती मागवा आणि तिचा काय उपयोग झाला ते कळवा. २०८ डॉक्टरांची उत्तरे आली. त्यांतील ८० टक्के डॉक्टरांनी सांगितले की माहितीमुळे आपण रुग्णाच्या उपचारात काही ना काही बदल नक्की किंवा बहुधा केला. २९ टक्क्यांनी निदान बदलल्याचे, ४५ टक्क्यांनी औषधाची निवड बदलल्याचे सांगितले. आणि १९ टक्क्यांच्या मते रुग्णाचा मृत्यू टळण्यास या माहितीची मदत झाली.

आकडे प्रभावी आहेत. ग्रंथालयाचे अंदाजपत्रक मंजूर करून घेताना हा लेख अनेकांनी पुढे केला यात नवल नाही. पण विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबून चार प्रश्न विचारले पाहिजेत. मृत्यू टळला हे कोणी मोजले? कोणीच नाही, ते डॉक्टरांचे मत आहे. माहिती न मागवलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले? तुलनेसाठी असा गट नव्हता. ज्या डॉक्टरांनी उत्तर पाठवले नाही त्यांचा अनुभव कसा होता? ठाऊक नाही. आणि माहिती मागवायला सांगितल्यावर ती उपयोगी पडली नाही असे म्हणणे जरा जड जातेच, त्याचा परिणाम किती? तोही ठाऊक नाही.

२०१३ साली याच पत्रिकेत याच्या पुढचा अभ्यास आला. तो फार मोठा होता. ११८ रुग्णालयांतील १६,१२२ डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिका यांनी उत्तरे दिली आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी उपचारात बदल झाल्याचे सांगितले. संख्या वाढली, पण प्रश्नाचा प्रकार तोच राहिला. हिंगणघाटच्या बाजारात कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. काटाच एका बाजूला झुकलेला असेल तर शंभर गाठोडी मोजली काय आणि दहा हजार मोजली काय, चूक तेवढीच राहते. पुष्कळ वेळा मोजल्याने कधी इकडे, कधी तिकडे होणारी चूक कमी होते. एकाच बाजूला होणारी चूक कमी होत नाही. वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थ्यांना हा फरक शिकवण्यासाठी या दोन लेखांइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वेगळे करता आले असते का? आले असते. कॅनडात ओटावा येथे ग्रंथपालांनी प्राथमिक सेवेतील डॉक्टरांच्या प्रश्नांना लगोलग उत्तरे देण्याचा एक उपक्रम झाला आणि त्याची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून, चाचणी घेण्यात आली. माहिती मिळाल्याने डॉक्टरांचे निर्णय सुधारतात असा तिचा निष्कर्ष निघाला. तो लेख २००८ साली दुसऱ्या एका पत्रिकेत आला. म्हणजे ग्रंथपालांच्या कामाची कठोर परीक्षा घेणे शक्य आहे, आणि त्या परीक्षेत ते उत्तीर्णही होऊ शकतात. मग सोप्या परीक्षेवर समाधान का मानावे?

न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे, की ही टीका आम्ही करू शकतो ती त्या लेखांनी आपली पद्धत उघडपणे लिहिली म्हणूनच. ज्या लेखात पद्धतच लिहिलेली नसते, त्यावर टीकाही करता येत नाही. त्याला नुसता मान डोलवावी लागते किंवा पान उलटावे लागते.

दुसरी उणीव म्हणजे पत्रिकेचे जग. तिच्यातील बहुतेक अभ्यास उत्तर अमेरिकेतील आहेत. रुग्णालयात प्रशिक्षित ग्रंथपाल आहे, सूच्यांची वर्गणी भरलेली आहे, डॉक्टर फोन उचलून प्रश्न विचारू शकतो, हे तेथे गृहीत धरलेले असते. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला ग्रंथपाल कोठून मिळणार? मराठीत लिहिलेली आरोग्यविषयक माहिती तर बहुतेक जागतिक सूच्यांच्या बाहेरच राहते. हे प्रश्न या पत्रिकेने सोडवावेत अशी अपेक्षा करणे योग्य नाही. ते आपले आहेत.

आपण काय करावे

वर्धा जिल्ह्याला नियतकालिके चालवण्याची परंपरा आहे. विनोबांनी १९२३ साली येथून 'महाराष्ट्र धर्म' काढले. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे 'ग्रामउद्योग पत्रिका' हे मासिक जे. सी. कुमारप्पा चालवीत, तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ अशा विषयांवर त्यात लिहिले जाई. १९७४ साली सुरू झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाच्या अनेक बैठका सेवाग्रामला झाल्या. त्यांच्या १९७६ पासूनच्या छोटेखानी बुलेटिनने औषधे, लसी आणि ग्रामीण आरोग्य यांवर वर्षानुवर्षे वाद घातला, आणि त्यातील निवडक लेखांची पुस्तकेही निघाली. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेली सेवाग्रामची संस्था आणि सावंगीची संस्था, या दोन्हींच्या नावांनी वैद्यकीय संशोधनपत्रिका निघाल्या आहेत. ग्रंथालयशास्त्रातही देश मागे नव्हता. रंगनाथन यांच्या संपादनाखाली दिल्लीहून 'ॲनल्स ऑफ लायब्ररी सायन्स' १९५४ साली सुरू झाले.

मग वैद्यकीय ग्रंथपालांसाठी आपणही एक पत्रिका काढावी काय? आमचे उत्तर आहे, घाई नको. गेल्या काही वर्षांत नव्या पत्रिका काढण्याचे काय झाले हे आपण पाहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकाशी जोडल्या आणि प्रसिद्ध लेखांना गुण मिळू लागले. लेखांची मागणी वाढली, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने निघाली. आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली, तिच्यातही ती शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवले, की विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या आणि मोठ्या सूच्यांत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. वर्षअखेरीस नवी यादी करण्याची व्यवस्था उभारली, आणि २०२५ साली तीही बंद करून चांगली पत्रिका ओळखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यातून शिकण्यासारखे एवढेच, की पत्रिका काढणे सोपे असते. तिच्यात छापण्याजोगे काम नसेल तर ती कागदाचा धंदा होते.

आधी काम, मग पत्रिका, हा क्रम योग्य. त्यासाठी फार खर्चही नको. प्रत्येक वैद्यकीय ग्रंथालयाने एक नोंदवही ठेवावी. कोणी कोणता प्रश्न विचारला, कोठे शोधले, कोणते शब्द वापरले, काय सापडले, काय सापडले नाही, शोधायला किती वेळ लागला. आणि महिन्याभराने त्या डॉक्टरला विचारून, त्या माहितीचे पुढे काय झाले. रुग्णाचे नाव अर्थातच लिहू नये. सेवाग्राम, सावंगी आणि नागपूर येथील ग्रंथालयांनी एकाच नमुन्यात अशी वही दोन-तीन वर्षे चालवली, तर सिकलसेल, सर्पदंश, कीटकनाशकांची विषबाधा या आपल्या भागातील प्रश्नांवर माहिती कोठे अडते हे समजू लागेल. ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, त्यांची यादी हा तर संशोधकांसाठी खजिनाच. अशा चार-सहा वह्या जमल्या की पत्रिका काढावी का, हा प्रश्न पुन्हा विचारावा.

शाळांमध्येही याची सुरुवात करता येईल. विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पवहीत बहुधा शेवटी 'संदर्भ' म्हणून दोन पुस्तकांची नावे असतात. त्याऐवजी सुरुवातीला एक परिच्छेद लिहायला सांगावा. मी हा विषय कोठे शोधला, कोणत्या शब्दांनी शोधला, कोणाला विचारले, काय मिळाले आणि काय मिळाले नाही. आठवी-नववीच्या मुलांना हे जमते. परीक्षकांनी या परिच्छेदाला गुण द्यावेत, आणि 'मिळाले नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत.